जुना कार सबवूफर घेताय? दोन्ही कॉइल खरोखर दोन आहेत का, ते आधी बघा

इंदूरमध्ये जुन्या कार ऑडिओचा माल विकणाऱ्या एका दुकानदाराने मला बारा इंची सबवूफर ड्रायव्हर, म्हणजे खालच्या सुरांचा, बॉक्सशिवायचा नुसता स्पीकर, 'ओरिजिनल' म्हणून विकला. प्रत्यक्षात त्यात कंपनीचं म्हणावं असं फक्त मॅग्नेट आणि चौकट उरली होती. फसवणुकीची ही तऱ्हा डोळ्यांना दिसत नाही आणि घाईत लावलेल्या मल्टिमीटरलाही कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमच्याकडे वडिलांनी जपलेली पखवाजाची रेकॉर्डिंग आहेत. पखवाजवादक नाना पानशे राहिले ते गाव हे, पखवाजाचा कान इथल्या जुन्या मराठी घरांत अजून टिकून आहे. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा शेल्फवरच्या छोट्या स्पीकरांतून येतच नाही. त्यासाठी हॉलमध्ये सीलबंद बॉक्सचा सबवूफर करायचं ठरवलं. कारचा जुना ड्रायव्हर निवडायला कारण होतं. तो मुळातच लहान बॉक्ससाठी बनवलेला असतो, कोन (स्पीकरचा पडदा) लांबवर आत-बाहेर होतो, आणि चांगल्या कंपनीचा वीस वर्षांपूर्वीचा माल आजच्या '3000 वॅट' छापलेल्या पत्र्यांपेक्षा कितीतरी सरस असतो. हे माझं मत आजही बदललेलं नाही.

दुकानदाराला मी स्पष्ट विचारलं होतं की हा रिकोन केलेला, म्हणजे कोन आणि कॉइल बदललेला, आहे का. "भिया, खोला ही नहीं आज तक. कंपनी से जैसा आया, वैसा ही है." डबल कॉइल (कोन हलवणाऱ्या तारेची दोन वेगळी वेटोळी), 4 अधिक 4 ओहम, असं मागच्या स्टिकरवरही होतं. मीटर लावला तर टर्मिनलच्या दोन्ही जोड्यांवर 3.4 ओहम आले. 4 ओहमच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स एवढाच येतो, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. 6,500 रुपये दिले आणि बिलावर 'ओरिजिनल' हा शब्द लिहून घेतला. पुढे त्याच शब्दाने तारलं.

बॉक्सचा हिशोब कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकावरून केला. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी जे गणित मांडलं, त्यावर आजही सगळं चालतं. मोकळ्या हवेतला रेझोनन्स, म्हणजे एफएस, 25 हर्ट्झ, क्यूटीएस (रेझोनन्सला कोन किती घुमत राहतो त्याचं माप) 0.45, व्हीएएस (कोनला धरणाऱ्या सस्पेन्शनइतकी लवचीक हवा) 70 लिटर. सीलबंद बॉक्समध्ये एकूण क्यू 0.7 च्या आसपास ठेवायचा तर साधारण 48 लिटर लागतात आणि रेझोनन्स 39 हर्ट्झवर येतो. कारमध्ये बंद केबिन खालच्या सुरांना आपणहून उचलून धरते. घरच्या मोठ्या खोलीत, त्यातही दारं उघडी असताना, ती मदत जवळजवळ नसते. म्हणून 39 चे 45 झाले तरी घरात फरक ऐकू येतो. मिस्त्रीकडून 18 मिलिमीटर एमडीएफचा, आतून 40 बाय 38 बाय 34 सेंटिमीटरचा बॉक्स करून घेतला. आडवा टेकू आणि ड्रायव्हरने व्यापलेली जागा वजा जाता 48 लिटर उरतात. सांधे फेविकॉलने भरले, आत पॉलिएस्टरची रुई घातली. काम देखणं झालं होतं.

माझा अॅम्प्लिफायर 4 ओहमखाली चालत नाही. दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या की 8 ओहम होतात, म्हणून पहिल्या जोडीचा मायनस दुसऱ्या जोडीच्या प्लसला जोडला. सुरू करताच अॅम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला. वायर तपासल्या, अॅम्प्लिफायरवर दुसरा स्पीकर लावून पाहिला, सगळं ठीक. मग सगळ्या जोडण्या सोडवून पहिल्या जोडीच्या प्लसपासून दुसऱ्या जोडीच्या प्लसपर्यंत मीटर लावला. खऱ्या डबल कॉइलमध्ये या दोघांत काहीच संबंध नसतो, मीटरने 'ओपन' दाखवायला हवं. मीटरवर शून्य आलं!

आत कॉइल एकच होती. दुसरी जोडी आतून तारेने पहिलीलाच जोडलेली होती, त्यामुळे कुठेही मोजा, तेच 3.4 दिसणार. आणि सिरीज जोडणी केली की प्लस-मायनस थेट एकमेकांना भिडणार, म्हणजे सरळ शॉर्ट. संरक्षण नसलेला अॅम्प्लिफायर असता तर जळालाच असता. ग्राहकाच्या घरातली वस्तू जळू शकते हे ठाऊक असूनही ती तार आत टाकणाऱ्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

ड्रायव्हर घेऊन एका वयस्कर कारागिराकडे गेलो. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या (देखाव्यांच्या) आधी डीजेवाले स्पीकर भरायला त्यांच्याकडेच रांग लावतात. काकांनी ब्लेडने डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) हलकेच उचलली आणि टॉर्च आत धरला. मधल्या लोखंडी खांबावर जळकट, तपकिरी काजळी बसलेली, आणि तिच्याभोवती नव्या कॉइलचं तांबं लखलखत होतं. कडेची गास्केट सोलल्यावर खाली जुन्या काळपट गोंदाचा थर आणि त्यावर ताजा पारदर्शक गोंद. टर्मिनलचं पितळ काळं पडलेलं, पण त्यावरचं सोल्डरिंग नवं, चकचकीत. "कॉइल जली थी, बाज़ार की किट डाल दी," एवढंच ते म्हणाले.

आता बॉक्सचं बघा. काकांच्या टेबलावरच मोजलं तर एफएस 47 हर्ट्झ, क्यूटीएस 0.72, व्हीएएस 24 लिटर. नवा कोन हलका, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी चुणीदार चकती) ताठर, त्यामुळे ड्रायव्हरचा स्वभावच पालटला होता. हे आकडे माझ्या 48 लिटरमध्ये घातले की रेझोनन्स 58 हर्ट्झवर जातो आणि क्यू 0.88 होतो. म्हणजे वरचा बास फुगणार आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तो खालचा घुमारा गायब. बॉक्स कितीही मोठा केला तरी 47 च्या खाली रेझोनन्स जाणार नाही. लाकूड बदलून हे दुरुस्त होत नाही. रिकोन करणं मुळात वाईट नाही. योग्य किटने, सांगून-सवरून केलेला ड्रायव्हर मी आनंदाने घेईन. लबाडी आहे ती जुन्या नावाखाली वेगळीच वस्तू विकण्यात.

तेव्हा दुकानातच दोन गोष्टी कराच. दोन जोड्यांच्या मध्ये मीटर लावा, तो 'ओपन' दाखवायला हवा. दुसरं म्हणजे एक छोटा अॅम्प्लिफायर, 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि मोबाईलवर टोन वाजवणारं अॅप सोबत न्या. रेझिस्टर ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये जोडायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून ड्रायव्हरच्या टोकांना लावायचा आणि 15 हर्ट्झपासून सावकाश वर जायचं. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त, तो एफएस. बरेच दिवस पडून असलेल्या ड्रायव्हरचं सस्पेन्शन आखडतं, म्हणून छापील आकड्यापेक्षा थोडं जास्त आलं तर समजू शकतं. जवळपास दुप्पट आलं तर वस्तू परत ठेवा. विकणारा हे करू देत नसेल तर तिथून निघा.

बिल मागाच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीदेखील अनुचित व्यापार प्रथा आहे. मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली आणि काकांकडचे फोटो, बिलाची प्रत जोडून दुकानदाराला लेखी नोटीस स्पीड पोस्टने पाठवली. आधी "आपने ही खोलकर बदला होगा" म्हणणारा माणूस नोटिशीनंतर 6,500 परत द्यायला तयार झाला. एमडीएफ आणि मिस्त्रीची मजुरी मात्र बुडाली. तो ऐकला नसता तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

पैसे देताना त्याने ड्रायव्हर परत घेतला, आणि तो पुन्हा कुणाला तरी 'खोला ही नहीं' म्हणून दाखवला जाणार याची मला खात्री आहे. देण्यापूर्वी चौकटीच्या आतल्या बाजूला, टर्मिनलच्या बरोबर मागे, मी खिळ्याने 'एकच कॉइल' असं कोरलं आहे. इंदूरमध्ये बारा इंची जुना ड्रायव्हर कुणी दाखवला तर तिथे टॉर्च मारून बघा. रंग दिलेला असला तरी बोट फिरवल्यावर अक्षरं लागतील.