सम्पचे डिव्हायडर: बेळगावात लेझरवर कापून घ्यावेत की राऊटरवर?

घरी बनवलेल्या अॅक्रिलिक सम्पमध्ये, म्हणजे माशांच्या टाकीखाली पाणी गाळायला ठेवतात त्या टाकीत, डिव्हायडर (आडव्या भिंती) टाकायचे तर तुकडे कापून घ्यायला बेळगावात दोन वाटा आहेत. एक म्हणजे पाट्यांची अक्षरं कापणारे लेझरवाले बोर्डवाले. दुसरे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडचे राऊटरवर, म्हणजे फिरत्या बिटने (कापणाऱ्या पात्याने) शीट कापणाऱ्या यंत्रावर, जॉबवर्क करणारे. एकच ड्रॉइंग दोन्हीकडे दिलं तर हातात येणारा माल दिसायला सारखा असतो, पण चिकटवायला बसलं की फरक कळतो. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. हे परीक्षण कापण्याच्या पद्धतीचं आहे.

ड्रॉइंग असं. सम्प आतून 75 सेमी लांब, 30 रुंद, 38 उंच. वर 120 × 45 × 45 सेमीची, म्हणजे चार फुटी टाकी. सम्पमधून पाणी वर चढवणारी मोटर ताशी 1500 लिटरची. डिव्हायडर तीन, 6 मिमी कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) शीटचे. पहिला तळाला टेकलेला, 25 सेमी उंच. दुसरा 30 सेमीचा, पण तळापासून 4 सेमी उचललेला. तिसरा पुन्हा तळाला टेकलेला, 25 सेमी. पाणी पहिल्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून आणि तिसऱ्याच्या वरून जातं. बुडबुडे मधेच सुटतात. डिव्हायडरमधलं अंतर 4 सेमी. बहुतेक ठिकाणी इंचभर अंतर ठेवतात, पण या मोटरला त्या फटीतून पाणी सेकंदाला साडेपाच सेमीने धावतं आणि बारीक बुडबुडे सोबत ओढून नेतं. 4 सेमी ठेवलं की वेग साडेतीनवर येतो. सम्पची लांबी थोडी खर्ची पडते, पडू दे.

आता लेझर. वेग आणि सफाई यात त्याला तोड नाही. तीन तुकडे चहा येईपर्यंत कापून मिळतात, कडा काचेसारखी चकचकीत. काउंटरवरचं उत्तरही ठरलेलं: ‘डायरेक चिकटवा की ओ, पॉलिश करायचीबी गरज नाही.’ अक्षरांसाठी हे बरोबर आहे, सम्पसाठी नाही. लेझर शीट वितळवत कापतो. वितळून पुन्हा गोठलेल्या त्या कडेत ताण अडकून राहतो. तिथे अॅक्रिलिक चिकटवायचं पातळ सोल्युशन लागलं की काही तासांत, कधी दोन दिवसांनी, कडेतून आत केसाएवढ्या भेगांची जाळी उमटते. जोड तेव्हा धरलेला दिसतो, सुटतो नंतर. शिवाय 6 मिमी जाडीत लेझरची कड किंचित तिरकी येते. उभी धरून गुण्या लावला की एका बाजूने उजेड दिसतो.

उपाय आहे, पण मेहनतीचा. चिकटणाऱ्या कडांना अर्धा मिमी जास्त माप द्यायचं आणि घरी हॅक्सॉ ब्लेडच्या पाठीने तेवढं खरवडून काढायचं. मग सपाट काचेवर 220 चा पॉलिश पेपर टेपने बसवून कड त्यावर सरळ ओढायची, शेवटी 400 चा. कड धुरकट दिसायला लागली की झालं. कोपरे गोल होऊ द्यायचे नाहीत; गोल कडेला सोल्युशन धरायला जागाच उरत नाही.

राऊटरची कड मुळातच धुरकट, बारीक रेघांची. बिट धारदार असेल तर ताण फार कमी, आणि काटकोन बरोबर असतो. बिट बोथट असेल तर कडेवर वितळलेला चिकट गोळा दिसतो. असा तुकडा तिथेच परत द्यावा. राऊटरवाल्यांबद्दल तक्रार एकच: तीन तुकड्यांचं काम त्यांना परवडत नाही, त्यामुळे ते मोठ्या जॉबच्या मागे पडतं. एक तांत्रिक अडचणही आहे. तिसऱ्या डिव्हायडरच्या वरच्या कडेला दाते हवे असतील तर 3 मिमी बिटने आतले कोपरे दीड मिमीच्या गोलाईचे येतात. कामाला अडत नाही, पण लेझरचे दाते नीटस दिसतात. आणि दाते ही न चिकटणारी कड, तिथे लेझरचा ताण बाधत नाही.

दात्यांचा हिशोब मात्र आधी करावा. सरळ कडेवरून या मोटरचं पाणी सुमारे 8 मिमीच्या थराने जातं. दात्यांनी निम्मी रुंदी अडवली की तोच थर 13 मिमीच्या आसपास होतो, म्हणजे मागच्या कप्प्याची पातळी तेवढी चढते. दाते गाळणीसारखे आहेत, गोगलगाय आणि पानं अडवायला. ते नको असेल तर सरळ कड बरी.

शीटबद्दल दुकानात विचारायचा एकच प्रश्न: कास्ट की एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली)? एक्सट्रूडेड स्वस्त, पण सोल्युशनला लवकर तडकतं. ओळखायची सोपी खूण: भोक पाडलं की कास्टचा चुरा आणि कपचे पडतात, एक्सट्रूडेडचा लांब चिकट दोरा निघतो. कास्टच्या जाडीत मात्र फरक असतो. 6 मिमी म्हणून दिलेली शीट कॅलिपरला साडेपाच भरू शकते. डिव्हायडर सरकवायला पट्ट्यांची खाच करणार असाल तर खाचेचं माप शीट हातात आल्यावरच द्यावं.

रुंदीचं माप सम्पच्या आतून तळाशी, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी घ्यावं. घरी बनवलेल्या टाकीत ही तिन्ही क्वचितच सारखी येतात. तळाशी 300 मिमी असेल तर डिव्हायडर 299.5 मिमी. ठोकून बसवावा लागणारा तुकडा कधीच वापरू नये. तो भिंतींना बाहेर रेटतो आणि जुन्या जोडावर ताण येतो. खालचे दोन्ही कोपरे 4 मिमी तिरके छाटायचे, कारण जुन्या जोडातून बाहेर आलेलं सोल्युशन तिथे गोठलेलं असतं आणि तुकडा अधांतरी राहतो. हे छाटणं लेझरवाल्याला ड्रॉइंगमध्ये दाखवलं नाही तर घरी कानशीने करावं लागतं. उरलेली भोकं जाड सोल्युशनने बुजतात: पातळ सोल्युशनमध्ये त्याच शीटचा चुरा रात्रभर विरघळवायचा, मधाइतकं घट्ट झालं की वापरायचं.

सिलिकॉनने भागेल का, हा नेहमीचा प्रश्न. दोन्ही बाजूंना पाणी असल्यामुळे डिव्हायडरवर दाब कमी, त्यामुळे सिलिकॉन काही महिने टिकतं. पण अॅक्रिलिकला ते मुळात नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. शिवाय भरलेल्या सम्पची लांब भिंत फुगते, तेव्हा डिव्हायडर तिला आत ओढून धरतो; ती ओढ सिलिकॉनला झेपत नाही. आधी सिलिकॉन लावून झालं असेल तर ब्लेडने पूर्ण खरवडून काढल्याशिवाय सोल्युशन तिथे लागणार नाही.

बोर्डवाल्यांकडे मिळणारं पातळ सोल्युशन बहुतेक वेळा क्लोरोफॉर्म असतं. सिरिंजमध्ये एका वेळी 2 मिलीच भरावं, कारण आतला रबर फुगतो आणि दांडा अडकतो. टाकी अशी आडवी करायची की जो जोड भरायचा तो जमिनीला समांतर येईल. मग सुई कडेला टेकवून हळू ओढत न्यायची. सोल्युशन आपोआप फटीत धावतं आणि जोड पारदर्शक होत जातो. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे फट मोठी आहे. तिथे पातळ ओतत बसू नये, जाड लावावं. पाच मिनिटं हात नाही, तासाभराने टाकी पुढच्या बाजूवर, पाणी 48 तासांनी. खिडक्या उघड्या हव्यात, पण पंखा थेट जोडावर नको. आणि स्वयंपाकघरात हे काम करायचंच नाही: क्लोरोफॉर्मच्या वाफेला ज्योत लागली की विषारी फॉस्जीन तयार होतो.

पावसाळ्यात जोड दुधी पडतो. सोल्युशन उडताना कड गार होते आणि हवेतली वाफ तिथे धरते. बेळगावात जून ते सप्टेंबर, खानापूरकडे तर आणखी जास्त, हा त्रास होतो. थांबता येत असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबावं. नाहीच तर दुपारच्या कोरड्या उघडिपीत करावं.

मापं ठरवताना लाईट जाण्याचा हिशोब धरलाच पाहिजे. मोटर बंद पडली की वरच्या टाकीतून 3 सेमी पाणी जरी उतरलं तरी ते 16 लिटर होतं. शेवटच्या, 23 सेमीच्या मोटरच्या कप्प्यात पातळी 21 सेमी असेल तर सगळं मिळून सम्प साधारण 31 सेमीपर्यंत चढतो. 38 च्या सम्पला 7 सेमी शिल्लक राहतात, त्यात पाइपातलं पाणीही मावतं. सम्प 30 उंच असता तर फरशी भिजली असती. रोज उडणारं पाणीही फक्त या मोटरच्या कप्प्यातच कमी झालेलं दिसतं, लिटरमागे सुमारे दीड सेमी. म्हणून जागा वाचवायला हा कप्पा 12 सेमीवर आणू नये, मोटर लवकर हवा ओढायला लागते.

निकाल: डिव्हायडर राऊटरवर, दात्यांचा तुकडा लेझरवर आणि त्याच्या तिन्ही चिकटणाऱ्या कडा घरी खरवडून. लेझरला पाचपैकी तीन, राऊटरला चार. एक गुण थांबायला लावतात म्हणून कापला. घाई असेल तर सगळं लेझरवर घ्या, पण चिठ्ठीवर ‘तीन कडा अर्धा मिमी जास्त’ एवढं लिहूनच द्या. निघताना कापलेल्या शीटचे उरलेले दोन तुकडे मागून घ्या. ते सोल्युशनने काटकोनात चिकटवून दोन दिवसांनी हाताने मोडून बघायचे: जोडातून सुटले तर कड नीट झालेली नाही, शीट तुटली तर सम्पला हात लावायला हरकत नाही.