पावभाजी: ताडदेवचं सरदार की सीएसएमटीसमोरचं कॅनन?

लोकल पकडायला पंधराच मिनिटं असतील तर प्रश्नच नाही, कॅनन. महापालिकेच्या इमारतीशेजारी, सीएसएमटीसमोर. उभ्यानं खायचं, हात पुसायचे, निघायचं. भाजी झणझणीत, पाव तव्यावरून थेट ताटलीत. ऑफिस सुटताना गर्दी होते, पण ती सरकते पटापट.

सरदारला मात्र वेळ काढून जावं. मुंबई सेंट्रलला उतरून ताडदेव बस डेपोकडे चालत जाता येतं. बसायला टेबल मिळतं, शनिवार-रविवारी संध्याकाळी थांबावंही लागतं. इथली भाजी बारीक घोटलेली, आणि वर अमूलचा असा गोळा की कडेनं पिवळं बटर वाहत राहतं. गोळा लगेच ढवळू नका. आधी कडेची भाजी खा, मग लिंबू पिळा, कांदा घाला आणि उरलेलं बटर मिसळा. सगळं एकदम कालवलं तर चौथ्या घासालाच नको वाटतं. बटर सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच 'बटर कमी' सांगावं. नंतर काढता येत नाही, कारण पावानंही ते प्यायलेलं असतं.

कुठेही खा, पाव गार होऊ देऊ नका. गार पाव चिवट होतो आणि भाजी उचलत नाही. म्हणून जादा पाव आधी मागवून ठेवू नये, पहिली जोडी संपत आली की सांगावा.

घरच्यांना घेऊन जायचं तर सरदारच. आजी-आजोबांना फुटपाथवर ताटकळत ठेवणं बरं नाही.