दोन स्टिक, एकच सिरीयल नंबर आणि 17,500 रुपयांची टोपी

रॅमच्या दोन स्टिक, डीडीआर4, 3200 स्पीड, 16-16 जीबीची जोडी, 17,500 रुपये. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वर, म्हणजे आणखी 3,150. नवीन पीसी बांधणारे बरेच लोक हे 3,150 वाचवतात, मीही वाचवले, तेव्हा मला सोवळेपणा कोणी शिकवू नये. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की दोन हजार कमी म्हटलं की माणूस थांबणारच. यूपीआय करताना क्यूआरवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथूनच परत फिरा.

धंदा जुनाच आहे. कमी स्पीडच्या जुन्या चिप, वर चकचकीत हीटसिंकचा (चिप थंड ठेवणारा) पत्रा, नवा स्टिकर, आणि एसपीडीमध्ये (स्टिकची स्वतःची माहिती साठवणारी छोटी चिप) 3200 चं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅमला जास्त स्पीडवर पळवणारं सेटिंग, लिहून टाकायचं. मशीन सुरू होतं, 32 जीबी पूर्ण दाखवतं. मग ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळल्याचा निळा पडदा. त्यावरचा कोड कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, कधी आयआरक्यूएल. दर वेळी कोड वेगळा आला की पहिला संशय रॅमवर घ्यायचा. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची) आणि ब्राउझरचे टॅब आपोआप पडणं, ही त्याचीच भावंडं. दुकानदार मात्र म्हणणार विंडोज पुन्हा टाका (त्याचे 800 माझ्याच खिशातून), मग एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघा, मग बोर्ड बघा. आणि शेवटी, 'एक्सएमपी बंद ठेवा ना साहेब, चालेल.'

चालेल कसं? 3200 चे पैसे घेतलेत! पण त्याची पळवाट इथेच आहे. एक्सएमपी हे कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणं) असतं आणि काही प्रोसेसर किंवा बोर्डांना ते खरोखरच झेपत नाही. म्हणून भांडायला जाण्याआधी एक्सएमपी बंद करून तपासा. बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा मेनू) डिफॉल्टवर आणा, एकच स्टिक ठेवा, चार स्लॉटच्या बोर्डावर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये (ए2), खटका वाजेपर्यंत दाबून. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 (रॅम तपासणारा प्रोग्राम) बूट करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या, रात्रभर लागली तरी. विंडोजच्या मेमरी टेस्टने 'एरर नाही' म्हटलं तर त्यावर विसंबू नका. मग तीच स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये (बी2), मग दुसरी स्टिक दोन्हीकडे. स्टिक जाईल तिथे एरर जात असेल तर दोष स्टिकचा. कुठलीही स्टिक एकाच स्लॉटमध्ये रडत असेल तर बोर्ड, सॉकेटची वाकलेली पिन किंवा जास्त आवळलेला कूलर बघा. एकही एरर आली तरी स्टिक नापास. 'एखाददुसरी चालते' ही दुकानातली थाप आहे. डिफॉल्टवर, एकटी स्टिक, दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली की एक्सएमपीची पळवाट बंद. इथे दोन्ही स्टिक नापास झाल्या.

आता खरी जळजळ. दोन्ही स्टिकरवर सिरीयल नंबर एकच होता. एकच! काउंटरवर, डोळ्यांसमोर. विचारलं तर उत्तर तयार: 'किट आहे साहेब, जोडीला एकच नंबर असतो.' नसतो. किट असलं तरी प्रत्येक स्टिकचा नंबर वेगळा असतो. इतक्या सहजपणे सांगितलं की कोणीही मान डोलावली असती, हे मी आजही म्हणेन. पुढे सीपीयू-झेडच्या (हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) एसपीडी टॅबमध्ये बाकीचं निघालं. स्टिकर 2025 चा आणि आतली तारीख 2018 चा 31 वा आठवडा. एसपीडी बदलणाऱ्याने एवढं पुसायचं राहू दिलं. (तिथेच मेमरी टॅबमध्ये 1600 दिसलं तर घाबरू नका, डीडीआर4-3200 चा तो बरोबर आकडा आहे.)

रॅमच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणे, हा नंबर आमच्याकडे दुसऱ्याच मॉडेलचा आहे. बरं, मग डुप्लिकेट आहे असं लिहून द्या. नाही, तसं लेखी देता येत नाही. पोलीस चौकीत म्हणे लेखी आणा. पक्कं बिल कुठे आहे? पैसे तुम्हीच दिलेत ना, मग हा दिवाणी मामला. साहेब जेवायला गेलेत, उद्या या. रॅम म्हणजे काय, हे टेबलापलीकडच्या माणसाला समजावून सांगायचं, आणि त्याने सगळं ऐकून विचारायचं, 'पण कॉम्प्युटर चालू होतो ना?' दुकानदाराला फोन लावायलाही कोणी तयार नाही. बनावट मालाचं दुकान उघडं, आणि पुरावा गोळा करायची जबाबदारी ज्याचे पैसे बुडाले त्याची.

हीटसिंकचा पत्रा उचकटून चिप बघायचा मोह आवरा. 'तुम्हीच खोललंत' म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळतं. मेमटेस्टचा लाल स्क्रीन, सीपीयू-झेड आणि दोन्ही स्टिकर, सगळ्याचे फोटो काढा. कच्चं बिल फेकू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि रॅम घेताना दुकानातल्याच मशीनवर लावून एसपीडी टॅब उघडायला सांगा. नाही म्हणाला तर पैसे काढू नका.