खांबावरची मोटार की उन्हावरची?

विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटून होत नाहीत तोच वाद सुरू होतो: मोटार विजेच्या खांबावरून चालवायची की सौर पंप घ्यायचा? आमच्या पारावर या विषयावर दोन तट आहेत आणि दोन्ही तट बिलावरून भांडतात. तिथेच गाडी चुकते.

७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल एप्रिल २०२४पासून बळीराजा मोफत वीज योजनेत राज्य सरकार भरतंय. योजनेची मुदत मार्च २०२९पर्यंत. म्हणजे आज दोन्हीकडे बिल शून्य. पुढे सरकार काय करील ते करील, उन्हाचं बिल मात्र तेव्हाही येणार नाही. एवढा एक गुण सौरला द्या आणि खऱ्या प्रश्नाकडे या: पाणी कधी मिळणार, किती मिळणार आणि बिघडलं तर कोण येणार?

कधी, याचं उत्तर सोपं आहे. खांबावरची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला जायचं, पायाखाली साप आणि उसात बिबट्या. सौर पंपाला रात्रच नाही.

किती, इथे मात्र लोक फसतात. महावितरणच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरायचे असतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. पण अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ असा हिशोब आहे. पंप सातबारा बघून मिळतो, पाण्याची खोली बघून नाही. दोन एकरवाल्याचं बोअर चारशे फुटांवर असेल, तर ३ अश्वशक्तीची धार करंगळीएवढी पडणार. नदीकाठी, शेततळ्यावर किंवा चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीवर तोच पंप मजेत चालतो. दुसरं असं, की सौरला जोर येतो तो ऊन चढल्यावर. सकाळी आठला तुषार संच फिरवायला जाल तर नोझल नुसतं थुंकतं. आणि पोळ्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली, पण आभाळ तसंच भरलेलं राहिलं, तर नेमकं गरजेच्या वेळी पंप रेंगाळतो.

बिघाडाचं म्हणाल तर दोन्हीकडे डोकेदुखीच. खांबावर एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की तिच्यावरच्या सगळ्या मोटारी बंद, पण ओरडायला दहा-पंधरा जण एकत्र असतात. सौर पंपवाला एकटा. पाच वर्षं देखभाल पुरवठादाराकडे आणि विमाही असतो हे खरं, तरी माझ्या चुलतभावाचा कंट्रोलर बसला तेव्हा माणूस यायला पंधरवडा गेला. अर्ज करताना आधी तालुक्यातल्या चार पंपवाल्यांना विचारा, कोणत्या पुरवठादाराचा माणूस लवकर येतो.

आता ज्याची पारावर चर्चाच होत नाही ते. तुमचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या शिवारात येणारी वीजवाहिनी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये आहे का? यात पॅनेल तुमच्या बांधावर नसतं, उपकेंद्राजवळच्या माळावर असतं, आणि तिथली वीज दिवसा नेहमीच्याच तारांनी शेतात येते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ साली सुरू झाला. असा फीडर मिळाला तर सौर पंपाचा सगळ्यात मोठा फायदा, दिवसाचं पाणी, खांबावरच मिळतो.

गावाच्या पदरात काय पडतं तेही पाहा. वैयक्तिक पंपाने एक शेत भिजतं. वाहिनीच्या प्रकल्पात पडीक जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं, दर वर्षी ३ टक्के वाढीने. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाखांपर्यंत निधी. शिवाय शेतीची स्वस्त वीज आजवर कारखान्यांच्या चढ्या दरातून निघत आली आहे. ही सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, तेव्हा तो भार हलका व्हायला जागा आहे. एमआयडीसीत लेथ चालवणारा आपलाच पोरगा असतो, हे विसरू नका.

माझं मत विचाराल तर असं: खांब लांब, पाणी वर आणि जमीन पाच एकराच्या आत असेल, तर सौर पंपाचा अर्ज आजच भरा. पाणी खोल असेल आणि फीडर सौरवर गेलेला किंवा जाणार असेल, तर थांबा, तारेचीच जोडणी मागा. विजेची जुनी जोडणी असलेल्यांना ‘मागेल त्याला’ योजनेत पंप मिळतच नाही, त्यांनी वादात वेळ घालवू नये. आणि फीडर कोणता, हे पारावर विचारू नका. उपकेंद्रावर जाऊन विचारा, जाताना सातबारा बरोबर असू द्या.