चोर बाजारातलं रेकॉर्डवालं दुकान: केसरबाई मिळतात, पण तोंड बंद ठेवा

गेली चार वर्षं माझ्या पगाराचा थोडा थोडा भाग ज्या दुकानात जातोय त्याचा रिव्ह्यू एकदा लिहायचाच होता. दुकानाला पाटी नाहीये त्यामुळे नाव विचारू नका. ग्रँट रोडला ईस्टला उतरायचं, पंधराएक मिनिटं चालत मटन स्ट्रीटला यायचं, आणि झुंबरं, जहाजाचे दिवे, सिनेमाची पोस्टरं हे सगळं मागे टाकून जिथे अंग तिरकं करूनच आत शिरता येईल अशी बोळकांडी दिसेल तिथे थांबायचं. शुक्रवारी जाऊ नका, दुकान बंद असतं. त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तिथे भल्या पहाटे गेलं तर काहीतरी हाताला लागतं म्हणतात, पण डोंबिवलीहून पहाटे निघणं माझ्याच्याने होत नाही.

मी शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांच्या रेकॉर्ड गोळा करते. आजी गोव्यातल्या फोंड्याची, बाईंचं गाव केरी तिथून जवळच, आणि ती "आमची केसर" असं इतक्या हक्काने म्हणायची की लहानपणी मला वाटायचं ही आपली कोणीतरी मावशीच आहे (आजीने बाईंना समोर बसून कधी ऐकलं होतं का, याची आता मला शंकाच आहे). आता बाईंचं गोळा करायला गेलं तर फार काही नाहीच्चे. अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतलेली बाई, मैफल गाजवायची, पण रेकॉर्डिंग म्हटलं की नाक मुरडायची, त्यामुळे उरलं काय तर एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट कंपन्यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, नंतर त्यातलंच एकत्र करून काढलेली एलपी (जास्त वेळ चालणारी व्हिनाइलची रेकॉर्ड) आणि मैफलींच्या थोड्या टेप. ७८ ची एक बाजू म्हणजे साधारण तीन मिनिटं. तेवढ्यात ललिता गौरीसारखा राग! आणि ऐकताना कुठेही घाई नाही हो, घड्याळ बंद करून बसल्यासारखी गातात आणि बरोब्बर तीन मिनिटांत समेवर.

तर दुकान. चाचा सत्तरीचे असतील, ७८ ला ते "तवा" म्हणतात. इथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे विकत घेण्याआधी वाजवून दाखवतात, आणि तेही दोन्ही बाजू. आधी तबकडी एका बोटावर तोलून नखाने टक् करतात, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे म्हणून बाजूला. हे मला त्यांनीच शिकवलं. मग चावीच्या ग्रामोफोनवर लावायला निघतात तेव्हा मात्र मी "चाचा, मशीनपे लगाओ ना" म्हणून मधे पडते, कारण त्यांचा ग्रामोफोन जड साउंडबॉक्सचा (सुई बसवतात तो गोल डोक्याचा भाग), पोलादी सुई, आणि ती सुई खरं तर एका बाजूनंतर फेकायची असते, चाचा तीच सुई दिवसभर चालवतात, त्याने तबकडी झिजते. आत एक इलेक्ट्रिक टर्नटेबल आहे त्याला ७८ ची जाड सुई लावलेली आहे, त्यावर ऐकायचं. घरी एलपीच्या बारीक सुईवर ७८ लावणाऱ्यांनो, नका लावू, ती खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि ऐकू येते ती नुसती खरखर.

भावाचं म्हणाल तर हिंदी सिनेमाची गिऱ्हाइकं जास्त, त्यामुळे पंचमच्या एलपीला हात लावला की दोन हजारच्या पुढेच, क्लासिकलला मात्र कुत्रं विचारत नाही. पहिल्या वर्षी मला बाईंचा मालकंस दीडशेला मिळाला. दीडशे! स्टेशनबाहेर वडापाव आणि चहा धरून तेवढेच गेले असतील त्या दिवशी.

आणि मग मी माती खाल्ली.

एका शनिवारी पाऊस पडत होता, गिऱ्हाईक नव्हतं, चाचांनी चहा मागवला आणि विचारलं, "बेटी, ये बाई में ऐसा क्या है?" आणि मी मूर्खासारखी सगळं सांगून बसले. की १९७७ ला नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवली, त्यात भारतातलं एकच गाणं, बाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. की ती निवडल्यावर त्या टीमला रेकॉर्डच मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखाली खोक्यामागे तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. की दोनातलं नंतरचं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. हे सांगताना माझाच आवाज भरून आला होता. चाचा म्हणाले "सुभानअल्ला", आणि पुढच्या शनिवारी पाहिलं तर केसरबाईंचे सगळे तवे टोपलीतून उचलून काचेच्या कपाटात, आणि भाव आठशे. भैरवीचं तर विचारूच नका. "बेटी, ये तो चाँद से भी आगे गया है." आता काय बोलणार.

तरी मी तिथेच जाते, कारण ऑनलाइनचा अनुभव घेऊन झालाय. एका सेलरकडून नट कामोद मागवला, कंडिशन "एक्सलंट" लिहिलेलं, आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, तीन तुकडे. ७८ लाखेची असते, व्हिनाइलसारखी वाकत नाही, काचेसारखी फुटते. नासाने परग्रहावरच्यांसाठी रेकॉर्डबरोबर कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली, आणि ह्या माणसाला एक पुठ्ठा घालवला नाही. वर म्हणे कुरियरवाल्याला विचारा.

चाचांच्या दुकानात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. बिल मिळत नाही (यूपीआय चालतं). कव्हर एकाचं आत रेकॉर्ड दुसऱ्याची हे नेहमीचं, मला एकदा लताच्या कव्हरात बिस्मिल्लाखाँ मिळाले, तक्रार नाही म्हणा. त्यांचा पोरगा तबकड्या स्पिरिटने पुसतो, ते एलपीला एक वेळ चालेल पण लाखेच्या तबकडीला अजिबात नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा तो बाटली घेऊन आला की हातातून काढून घ्या. कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, लेबल ओलं न करता, बस. आणि बाहेर जे चकचकीत पितळी कर्ण्याचे "अँटिक" ग्रामोफोन मांडलेत ते नवीन बनवलेले डुप्लिकेट आहेत, चाचा विचारलं तर स्वतःच सांगतात, पण विचारलं तरच.

मी पाचपैकी चार देते. एक कापला तो स्पिरिटसाठी. भाववाढीसाठी नाही कापला, ती माझी करणी.

कोणी जाणार असाल तर दोन विनंत्या. यान, नासा, अंतराळ यातला एकही शब्द तिथे काढायचा नाही, विशेषतः मोगूबाई कुर्डीकर किंवा हिराबाई बडोदेकरांच्या रेकॉर्ड शोधत असाल तर, उगाच त्यांनाही चाचा चंद्रावर पोचवतील. आणि काचेच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर कडेला टवका उडालेली तोडी दिसेल, ते हजार म्हणतायत, मी सहाशेवर अडून बसलेय तीन आठवडे, तिला हात लावू नका प्लीज.