तत्त्वज्ञान: युनिव्हर्सिटीत शिकायचं की घरीच वाचायचं?

घरी वाचायचं म्हणजे फी नाही, परीक्षा नाही, कंटाळा आला की पुस्तक बंद. पण गोची अशी की आपण आपल्याला पटणारंच वाचत बसतो, स्टोइकांची (म्हणजे संयम शिकवणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांची) चार वाक्यं स्टेटसला टाकली की झालं तत्त्वज्ञान!

युनिव्हर्सिटीत मात्र जर्मन तत्त्वज्ञ कान्टचं १७८१ चं 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन' हे अवघड पुस्तक डोकं फुटेस्तोवर वाचावंच लागतं, वर लॉजिकमध्ये 'पाऊस पडला की रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणजे पाऊस पडलाच' यात चूक कुठाय ते दाखवावं लागतं (पाइप फुटला असेल की!), आणि निबंधात जे मत पटत नाही तेच आधी नीट मांडायचं, मग खोडायचं. ही सवय एकट्याने लागणं अवघड, समोर कोणीतरी टोकणारं लागतं. नोकरीची थेट लाईन नाही हे खरंय, पण वकिली, पत्रकारितेत हे कामाला येतंच.

नुसतं कुतूहल असेल तर घरचं वाचन पुरे.