घरघंटी घेतली त्याला वर्ष झालं, आता लिहिते

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या इमारतीखालची गिरणी रिडेव्हलपमेंटमध्ये गेली आणि दळण घेऊन रिक्षाने जायची वेळ आली. मी कधी कुरकुर केली नाही असं माझं म्हणणं; घरच्यांचं वेगळं आहे. 2024 च्या दिवाळीत सगळ्यांनी मिळून घरघंटी आणली. 1 एचपीची, कॅबिनेटवाली, 22,000 ची. लेकाचा बोनस, ह्यांची मोडलेली एफडी, आणि सासूबाईंचे पेन्शनमधले 3,000. "माझ्या भाकरीसाठी देतेय गं, तुझ्यासाठी नाही," हे वर ऐकवलं.

भाकरीचं म्हणाल तर सासूबाई बरोबर होत्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ शिळं झालं की विरी, म्हणजे पीठ बांधून धरणारा जो काही चिकटपणा असतो तोही, जाते, मग कितीही गरम पाणी घाला, थापताना कडा चिरतात. आता लागेल तशी किलोभर दळते. तासाला सातेक किलो होतं, वीज पाऊण युनिट. गव्हाला बारीक जाळी, लाडवाच्या बेसनाला जाडी. धान्य मात्र कोरडं ठणठणीत हवं. एकदा धुतलेले तांदूळ नीट न वाळवता घातले, तर जाळी लिंपली आणि निम्मी दुपार ब्रशने खरवडण्यात गेली. आवाज आहे, मिक्सरहून जास्त. पीठ उडत नाही असं विकताना सांगतात, ते सोडून द्या. कापडी पिशवी दर दोन दळणांनी झटकली नाही तर ओट्यावर पांढरा थर बसतो. दुकानदार डेमोला माणूस पाठवतो म्हणाला, तो आलाच नाही. लेकाने पुस्तिका वाचून जोडली.

खरी परीक्षा झाली सप्टेंबर 2025 मध्ये. घट बसलेले, आणि मराठवाड्यात पाऊस थांबेना. माझं माहेर परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. दादाचा फोन आला तेव्हा सोयाबीन पाण्याखाली होतंच, पण घरातली ज्वारीची पोतीही भिजून फुगली होती. त्याचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवसांत टीव्ही लावला की एकीकडे आमचा मुलूख, दुसरीकडे गाझातली भांडी पुढे करून उभी असलेली पोरं. मी टीव्ही बंद करायचे आणि पुन्हा लावायचे.

सोसायटीतून तिकडे मदतीचा टेम्पो जाणार होता. जांभळी नाक्यावरून 40 किलो ज्वारी आणली, मालदांडी. तिकडून इकडे विकायला येते ती, आणि आम्ही तिचं पीठ करून तिकडेच पाठवत होतो. पोत्यावर हात ठेवून मी दुकानातच थोडी थांबले.

सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपवास. तरी दोन परातींत खडे निवडत बसल्या, अधूनमधून शेंगदाण्याचा लाडू. दळण दोन संध्याकाळी केलं, कारण रात्री दहानंतर खालच्या मजल्यावरचे आजोबा झोपतात. चौदा-पंधरा किलोला मोटर तापून बंद पडली. मागचं लाल बटण दाबून लगेच चालू होत नाही, अर्धा तास थंड होऊ द्यावी लागते. लेकाने टेबलफॅन तिच्याकडे वळवला आणि आम्ही घामात. मुलगी पीठ परातीत पसरून निववत होती. गरम पीठ पिशवीत बांधलं तर घाम धरतं. हे एकेक किलो तोलून गाठी मारत होते, भुवयांपर्यंत पांढरे. मध्येच म्हणाले, "तू जरा बस, दादाला फोन लाव." कुणी मला धीर धर वगैरे म्हटलं नाही. त्याचे उपकार मी त्यांना बोलून दाखवलेले नाहीत, इथेच लिहिते. बाहेर इतकं काय काय चाललेलं असताना माझ्या वाट्याला ही चार पांढरी माणसं आली.

पीठ चौथ्या दिवशी पोचलं. वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, भाकर चिरली न्हाई." विरी टिकली होती.

घ्यायची असेल तर घ्या, पण रोज मोठं दळण असणाऱ्यांनी 1 एचपीवर जाऊ नका. आणि डबा उघडून जाळ्या मोजून घ्या. आमच्या संचात भाजणीची जाळी नव्हती, ती अजून आलेली नाही. भाजणी मी रिक्षाने जाऊन गिरणीतूनच आणते.